वाचल्याशिवाय चावी नाही

तरसालीच्या त्या आवारात सकाळी पहिली गाडी निघायच्या आधी एक छोटासा सोहळा होई. फाटकापाशी जमिनीवर चुन्याची पांढरी रेघ होती. ड्रायव्हरने त्या रेघेवर उभं राहायचं, पलीकडे भिंतीशी लावलेल्या आपल्या गाडीची नंबरप्लेट मोठ्याने वाचायची आणि मगच मालकाच्या हातून चावी घ्यायची. वाचल्याशिवाय चावी नाही.

हा नियम जयवंतरावांचा. त्यांचे पणजोबा सरकारी पागेत होते, आणि तिथले स्वार लांबूनच घोड्याचा डाग ओळखून दाखवत, असं ते सांगायचे. खरंखोटं करायला कुणी गेलं नाही. बडोद्यात शाळेच्या मुलांची ने-आण करणाऱ्या व्हॅन त्यांनी सुरू केल्या, त्या दिवशीच रेघ मारली. दसऱ्याला गाड्यांना झेंडूच्या माळा पडल्या की रेघही नव्याने मारली जायची, आणि पूजेच्या तबकात चाव्यांबरोबर सगळ्यांची लायसन्सं यायची. कुंकू लावता लावता जयवंतराव एकेकाची मुदत तपासून घेत. देवाच्या नावावर आरटीओचं काम उरकतात, अशी त्यांची थट्टा व्हायची, आणि ती त्यांना मनापासून आवडायची. पोलिसांनी दंडाचा मेमो फाडला तर तो त्याच संध्याकाळी आणून दाखवायचा, हाही त्यांचाच कायदा. जो स्वतःहून आणेल त्याच्यावर आवाज चढवायचा नाही. जो लपवेल त्याला दुसऱ्या दिवशी चावी नाही.

जयवंतराव गेल्यावर त्यांच्या पत्नीने, मंदाकिनीबाईंनी, धंदा हातात घेतला आणि यातलं काहीही बदललं नाही. बदललं ते एवढंच की रोज सकाळी सगळ्यात आधी रेघेवर उभं राहून एक नंबर स्वतः वाचून दाखवणारा माणूस राहिला नव्हता. ते शाळेत आकडे गुजरातीतून शिकलेले. शून्याला जन्मभर मींडुं म्हणाले. आणि वाचण्याआधी, सभेत भाषण असल्यासारखे, घसा खाकरायचे.

लक्ष्मणराव त्यांचा पहिला ड्रायव्हर. छाणीची फेरी त्यांच्याकडे होती. मुलांना त्यांच्याच गाडीत बसायचं असायचं, कारण खिशात बोरकूट असे आणि रागवायचं मात्र ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांनी एकदाही मेमो आणला नव्हता. त्या हिवाळ्यात आणला. फतेगंजला लाल सिग्नल तोडला होता.

"ऊन डोळ्यांवर होतं, वहिनी," ते म्हणाले.

थोड्या दिवसांनी दुसरा आणला. तोच सिग्नल, तोच गुन्हा. या वेळी उन्हाचं नाव काढलं नाही.

"लक्ष्मणराव, एकदा डोळे दाखवून घेऊ या का? लायसन्सही यंदा नवं करायचंच आहे."

"रोज तुमच्यासमोर वाचतोच की."

तेही खरंच होतं. रोज रेघेवर उभे राहून ते खणखणीत आवाजात वाचत, एक आकडा चुकत नसे. अलीकडे ते झिरोला मींडुं म्हणायला लागले होते, एवढंच. पहिल्यांदा तो शब्द कानावर पडला तेव्हा मंदाकिनीबाईंनी चमकून वर बघितलं. मग त्यांनीच स्वतःला समजावलं, त्यांनाही आठवण येत असेल.

खरं तर त्यांना हा विषय काढायचाच नव्हता. जयवंतरावांना दवाखान्यात नेलं तेव्हा त्यांचं डोकं बाईंच्या मांडीवर होतं आणि गाडी लक्ष्मणराव चालवत होते, एकही खड्डा न लागू देता, रडत. त्या माणसाला गाडीवरून उतरवायचं म्हणजे जयवंतरावांना दुसऱ्यांदा पोचवून यायचं, असं त्यांना वाटायचं. पण मागच्या सीटवर दप्तरं मांडीवर घेऊन बसलेली ती पोरंही डोळ्यांसमोरून हलत नसत. रात्री कूस बदलता बदलता त्या ठरवत, उद्या बोलायचं. सकाळी लक्ष्मणराव अचूक वाचून चावीसाठी हात पुढे करत. दिवस ढकलला जायचा.

मग लक्ष्मणरावांची जुनी व्हॅन दुरुस्तीला गेली आणि शोरूममधून नवी आली. तिचा नंबर आरटीओकडून यायचा होता. तो येईपर्यंत ती रस्त्यावर काढायची नाही, हे ठरलेलंच. उतरवून घेणाऱ्याने ती नेमकी लक्ष्मणरावांच्या जागी, भिंतीशी लावली. त्यांच्या फेरीसाठी मुकुंद या दुसऱ्या ड्रायव्हरची गाडी बाजूला काढून ठेवली होती. हे सगळं त्यांना सांगायचं मात्र राहून गेलं.

सकाळी ते आले. सवयीने रेघेवर पाय जुळवले. समोर बघितलं, क्षणभर थांबले, जसं काही कुणाचं बोलणं पुरं होऊ देत होते.

"चार, मींडुं, मींडुं, सात."

मंदाकिनीबाईंच्या हातातली चावी हातातच राहिली. नव्या गाडीच्या पुढच्या बाजूला, जिथे प्लेट लागते तिथे, दोन स्क्रूंची भोकं होती. बाकी कोरं. आणि लक्ष्मणरावांच्या जुन्या गाडीचा नंबरही हा नव्हता.

"काय वाचलंत, लक्ष्मणराव?"

त्यांनी पुन्हा तेच आकडे सांगितले, तितक्याच विश्वासाने.

बाई त्यांच्याजवळ गेल्या. "त्या गाडीला अजून नंबरच आलेला नाही."

लक्ष्मणरावांनी रेघेवरचा पाय मागे घेतला. पलीकडे कुणीतरी पाइप लावून टायर धूत होतं, त्या पाण्याचाच आवाज येत होता.

"मला पाटी दिसत नाही, वहिनी. काही महिन्यांपासून नाही दिसत. साहेब वाचतात. मी नुसतं मागून म्हणतो."

"कुठे असतात ते?"

"इथे." त्यांनी डाव्या खांद्याकडे हात नेला, पण खांद्याला लावला नाही. "आधी घसा खाकरतात."

"आणि रस्त्यावर?"

"रस्त्यावर पण सांगायचे. खड्डा, सायकल, गाय, सगळं. फक्त फतेगंजला दोनदा बोलले नाहीत." ते थांबले. "मला वाटतं मुद्दाम. मेमो फाटला की तो तुमच्याकडे आणावाच लागतो ना."

मंदाकिनीबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी चावी पदराखाली घेतली आणि रिकामा हात पुढे केला.

"लायसन्स द्या, लक्ष्मणराव."

त्यांनी खिशातून काढून दिलं. प्लास्टिकच्या पाकिटावर दसऱ्याच्या कुंकवाचा डाग होता. हातावर ठेवताना त्यांचा चेहरा हलका झाल्यासारखा दिसला.

छाणीची फेरी त्या दिवशी मुकुंदने मारली. बाई लक्ष्मणरावांना घेऊन निजामपुऱ्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेल्या. काचबिंदू. गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली थेंब घालून जपायची. डॉक्टरांनी समोर बोटं धरली, ती त्यांना मोजता आली नाहीत.

"यांनी गाडी चालवणं कधी सोडलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"काल," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले.

घरी येताना बाईंनी रिक्षातच ठरवून टाकलं. पगार आहे तोच. सकाळी फाटकापाशी बाकावर बसायचं आणि कोण कसं वाचतं ते ऐकायचं. अडखळला की आवाजावरून कळतं, तेवढे कान लक्ष्मणरावांचे तयार आहेत.

"चालेल ना?"

"हा, चालेल की," ते म्हणाले. मग रिक्षाच्या आवाजात, हळूच, "आता ऐकू येत नाहीत ते. लायसन्स दिलं तेव्हापासून."

 बाईंनी त्यांचा हात धरून ठेवला. लोक काय म्हणतील याचा विचार करायचं त्यांचं वय राहिलं नव्हतं.

नव्या गाडीची प्लेट होळीच्या आसपास आली. आरटीओचा माणूस सकाळीच येऊन स्क्रू पिळून गेला. "नंबर सरस आव्यो छे, बेन," जाता जाता म्हणाला. ड्रायव्हर अजून यायचे होते. लक्ष्मणराव बाईंसमोर भिंतीकडच्या सावलीत बसून बशीत चहा ओतत होते. फाटक बंद होतं.

मंदाकिनीबाई रेघेवर जाऊन उभ्या राहिल्या. चष्म्यातून सगळं स्वच्छ दिसत होतं. चार. शून्य. शून्य. सात.

त्यांना भीती वाटली नाही. एवढंच वाटलं की इतके दिवस तो माणूस इथेच होता, आणि आपल्याशी एक अक्षर बोलला नाही.

त्यांनी चष्मा काढला. प्लेटचा पांढरा ठिपका झाला, भिंतीत विरघळला.

त्या थांबल्या.

समोर बशी टेकल्याचा आवाज झाला. लक्ष्मणरावांनी मान वर केली होती आणि ते बाईंकडे नाही, त्यांच्या थोडं डावीकडे बघत होते.

खांद्याशी कुणीतरी हलकेच खाकरलं.