सहदेव फायनल खेळला नाही

सहदेव मला पहिल्यांदा भेटला तेव्हा त्याच्या डाव्या हाताची करंगळी भलत्याच दिशेला वळली होती. अंगभर मैदानाची लाल माती आणि चेहरा इतका निवांत, की बोट दुसऱ्याच कुणाचं असावं. महाडच्या ज्या दवाखान्यात मी नर्स होते, तिथले डॉक्टर म्हणाले, सुप्रिया, मनगट घट्ट धर. मी धरलं. त्यांनी बोट खेचलं, कट्‌कन आवाज झाला आणि ‘आई गं’ असं मीच ओरडले.

तो माझ्याकडे वळला. “लय दुखलं काय तुम्हाला?”

डॉक्टर हसले. मी पट्टी आणायला गेले आणि जिथे ती रोज असते तिथे मला ती सापडेना.

ही अठ्ठ्याण्णव सालच्या थंडीतली गोष्ट. तीन आठवडे खेळायचं नाही असं मी त्याला बजावून सांगितलं. त्यानं मान डोलावली, रविवारी खेळला आणि सोमवारी सुजलेलं बोट घेऊन हजर झाला. मी चिडले, तर म्हणाला, पट्टी सैल होती.

“घट्टच बांधली होती मी.”

“मग आज आणखी घट्ट बांधा. वेळ लागला तरी चालंल… मला घाई नाय.”

दवाखान्यात येणारा प्रत्येक माणूस मला सिस्टर म्हणायचा. त्यानं एकदाही म्हटलं नाही. हे माझ्या जरा उशिरानंच लक्षात आलं.

तो पोलादपूरच्या वरच्या डोंगरातल्या आमच्याच गावचा. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कंत्राटावर कामाला होता आणि बिरवाडीत खोली घेऊन राहायचा. आमच्या गावच्या कबड्डी संघाचा सगळ्यात चांगला चढाईपटू तोच, आणि त्या मंडळाचे अध्यक्ष माझे वडील, गोमाजी, म्हणजे आमचे आबा. आमचं बिऱ्हाड पोलादपूरला, आबांचं दुकान तिथेच. घरात कबड्डीचा इतका उच्छाद होता की मला त्या खेळाचा वीट आला होता. त्यात मी नर्सिंग शिकायला कितीतरी दिवस अलिबागेत होते, म्हणून वडिलांच्या संघाचा हिरो मला दवाखान्यात भेटावा लागला.

संध्याकाळच्या पोलादपूर एसटीत तो मला दिसायला लागला. बिरवाडीसाठी त्यानं फाट्यावर उतरायचं. पण तो थेट पोलादपूरपर्यंत यायचा आणि मी विचारलं की म्हणायचा, झोप लागली. सगळा रस्ता त्याची बडबड चालू असायची. मुंबईच्या एका कंपनीचा संघ आहे, चांगला खेळाडू दिसला की ते नोकरीच देतात, कायमची. त्यांचा माणूस आमच्या तालुक्याच्या स्पर्धेची फायनल बघायला येणार होता. हे सांगताना मात्र तो खिडकीबाहेर बघायचा. मला त्याचं ते बाहेर बघणं आवडायचं. खरं सांगायचं तर मला तो आवडायला लागला होता, आणि दोघांनाही ते ठाऊक होतं, फक्त कुणी बोलत नव्हतं.

सेमीफायनल आम्ही जिंकली, पण एका गुणावरून वाद झाला. दोन्हीकडची माणसं मैदानात घुसली, कुणीतरी मंडपाचा बांबू उपटला. समोरच्या संघातला जानू नावाचा मुलगा आमच्याच दवाखान्यात आणला. चेहरा सुजलेला, डावा डोळा बंद. डॉक्टरांनी बघितलं आणि लगेच मुंबईला पाठवलं. डोळा राहिला, नजर गेली. पोलिसांना जबाब देताना जानूनं नाव घेतलं ते सहदेवचं.

मुंबईहून परत आल्यावर जानू पट्टी बदलायला आमच्याकडेच यायचा. बरोबर त्याची आई, अंबूबाई. ती बाहेरच्या बाकावर बसून राहायची. मी तिला चहा नेऊन द्यायचे. ती तो दोन्ही हातांनी धरायची आणि थंड झाल्यावर प्यायची.

सहदेव जामिनावर सुटून आला, तेव्हा मी त्याला एसटीतच विचारलं, तू मारलंस का?

“नाय. मी आमची पोरं मागं ओढत व्हतो. माझा हात त्याला लागला पन नाय.”

मी विश्वास ठेवला. पुरावा विचाराल तर माझ्याकडे नव्हता, आजही नाही. मी त्या मैदानात नव्हते. पण खोटं बोलताना माणूस ज्या तयारीनं बोलतो, ती तयारी त्याच्या आवाजात नव्हती.

मंडळाची बैठक आमच्या ओटीवर झाली. मंडळातले महिपतकाका म्हणाले, केस मिटेपर्यंत पोराला बाहेर ठेवूया, बरं दिसत नाही. आबा उसळले. कोर्टानं अजून काही म्हटलेलं नाही, मग आपण कोण पोराला गुन्हेगार ठरवणारे? उद्या कुणीही कुणाचंही नाव घेईल आणि आपला संघ घरी बसेल. आबांचं हे म्हणणं मला चुकीचं वाटलं नाही. फायनल नसती तर त्यांनी ते इतक्या पोटतिडकीनं मांडलं असतं का, एवढाच माझा प्रश्न होता, आणि चहा देणाऱ्या मुलीला तो कुणी विचारला नाही. बैठकीत दोन तट पडले. शेवटी ठरलं, देवीलाच विचारू. कौल लावू.

आमच्याकडे अडलेल्या गोष्टींचा निवाडा असाच होतो. गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवतो आणि प्रश्न घालतो. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आख्खं गाव देवळात जमलं होतं. बायकांत मीही उभी होते. पांडू गुरवानं देवीला गाऱ्हाणं घातलं: आई, सहदेव खेळला तर कप गावात येनार असंल तर उजवा दे.

उजवी कळी पडली. ढोल वाजला, पेढे वाटले. आबांचे डोळे भरून आले.

जानूच्या डोळ्यावर बांबू कुणी मारला, हे देवीला कुणी विचारलंच नाही. आणि ही गोष्ट त्या गर्दीत कुणाला खटकलीही नाही. त्यांनी मनापासून हात जोडले होते, ते ढोंग नव्हतं. कप गावात आणायच्या नादात ते मुळातला प्रश्नच विसरून गेले होते.

देवळामागे फणसाखाली सहदेव एकटा उभा होता. आंब्याच्या मोहोराचा वास सुटला होता. मला बघून तो हसला, आणि मी त्याला जे सांगायला आले होते ते सांगणं आणखी अवघड झालं.

“फायनल खेळू नकोस.”

त्याचं हसू गेलं. “म्हंजे तुझा इश्वास नाय.”

“माझा आहे. अंबूबाईचा नाही… तिनं काय करायचं? पोरगा एका डोळ्यानं घरात बसलाय, आणि ज्याचं नाव त्यानं घेतलं त्याच्या नावाचा माईकवरून जयजयकार. निकाल लागेपर्यंत थांब, एवढंच म्हणते मी.”

“आनि मी मारलंच नसंल तर? ती नोकरी मला परत कोन देनार? तू?”

“नाही. मला नाही देता येणार.”

“मग तुला बोलाया सोपं हाय.”

“सोपं नाहीये रे…” एवढंच बोलले आणि मला रडू फुटलं. मला तो फार आवडत होता, आणि त्याच्या तोंडाशी आलेला घास बाजूला ठेव असं मीच त्याला सांगत होते. तो निघून गेला. पुढचे सगळे दिवस एसटीत तो नव्हता. फाट्यावर गाडी थांबली की मी खाली उभ्या माणसांकडे बघायचे, आणि मग माझाच मला राग यायचा.

फायनल पोलादपूरला होती, उतरत्या उन्हात. संघ मैदानात आला, त्यात सहदेव नव्हता. आबा व्यासपीठावर माईक घेऊन उभे होते, ते तसेच राहिले. मग तो दिसला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केस विंचरलेले. सगळ्या लोकांसमोरून चालत तो आला आणि बायकांची आणि पुरुषांची बसायची जागा वेगळी करणारा जो दोर होता, त्याला खेटून माझ्याशेजारी बसला. आमच्यात फक्त तो दोर. निम्मं पोलादपूर सामना सोडून आमच्याकडे बघत होतं.

“तुझं ऐकून बसलो नाय,” तो समोर बघत म्हणाला. “अंबूबाईच्या घरावरून गेलो व्हतो काल. जानू दारात बसला व्हता. माझ्याकडं बघून त्यानं मान फिरवली… मग मला खेळता येईना झालं.”

आमचा गडी चढाईला गेला की सहदेवचा खांदा पुढे व्हायचा. पकड सुटली की तो डोळे मिटायचा. थोडक्यात गेला सामना. कंपनीच्या माणसानं समोरच्या संघातली दोन पोरं निवडली आणि जीपमध्ये बसून गेला. सहदेव ती जीप नाहीशी होईपर्यंत बघत राहिला. मग माझ्याकडे वळला.

“माझं झालं. आता तुझं सांग.”

“काय सांगू?”

“ठाव नाय व्हय तुला?”

मला ठाऊक होतं. पण आजूबाजूला इतके कान होते की मी म्हटलं, आबांना विचार. तो सरळमार्गी माणूस, तसाच उठून आबांकडे गेला.

आबा हरल्याच्या दुःखात होते, तरी त्यांनी ऐकून घेतलं. पोरगा चांगला आहे म्हणाले, घर माहितीतलं आहे म्हणाले. मग म्हणाले, पण अंगावर केस हाय ना रे. निकाल लागू दे, मग बघू.

मला मोठ्यानं हसू आलं. ज्या माणसानं कपासाठी सगळ्या गावाला कायदा शिकवला होता, त्याला मुलगी द्यायची वेळ आली तेव्हा कोर्ट आठवलं. आणि सहदेव काय म्हणाला? बराबर हाय, थांबतो मी. माझंच वाक्य दोघांनी मिळून माझ्या पदरात घातलं होतं. मी दोघांवरही सारखीच चिडले.

दोन दिवस मी विचार केला की माझंच चुकतंय का. मग आबांना सांगितलं, “संघात एक गडी कमी पडला तर दुसरा उभा राहतो. जानूच्या दुखण्यावर आपण ढोल वाजवायचा नाही, एवढंच माझं म्हणणं होतं. लग्न माझं आहे. फसले तर मी एकटी फसेन.”

“आनि शिक्षा झाली तर?”

“तर भेटायला जाईन.”

आबा न जेवता दुकानात गेले. आईनं त्यांचं ताट झाकून ठेवलं आणि माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेनं बघितलं.

सहदेवला यातलं काही माहीत नव्हतं. महाडच्या कोर्टात पहिली तारीख लागली तेव्हा मी रजा टाकून गेले. व्हरांड्यात एकच बाक, त्यावर अंबूबाई आणि जानू. सहदेव लांब खांबाला टेकून उभा. मला बघून तो दचकला. अंबूबाईनं मात्र मला ओळखलं, हाताला धरून शेजारी बसवून घेतलं आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“तू हितं कशी गो? दवाखान्याचं काम हाय?”

हो म्हटलं असतं तर चाललं असतं. डॉक्टरांचा दाखला घेऊन आले म्हटलं असतं तर तिनं मला आशीर्वादही दिला असता. सहदेव जमिनीकडे बघत होता. त्याला मी अजून होय म्हटलं नव्हतं, आणि पहिल्यांदा ते म्हणायचं होतं ते या बाईसमोर.

“नाय मावशी. तो सहदेव… मी लग्न करणार आहे त्याच्याशी. त्याच्यासाठी आलेय.”

अंबूबाईचा हात माझ्या गुडघ्यावरून निघाला. जानूनं मान वळवून उजव्या डोळ्यानं माझ्याकडे बघितलं. आत कुठलातरी वकील बोलत होता, त्याचा एकेक शब्द ऐकू येत होता.

“फायनल तो तुझ्यामुळं खेळला नाय काय?” अंबूबाईनं विचारलं.

“मी सांगितलं होतं. पण बसला तो जानूला बघून.”

“त्यानं माझ्या पोराची नजर येत नाय.”

“नाय येत,” मी म्हटलं.

बाकावर तिची पिशवी होती, ती तिनं उचलून मांडीवर घेतली. सहदेवकडे न बघताच म्हणाली, “उभा कशाला ऱ्हायलाय तो तिथं? ये म्हणावं.”

मी हाक मारली. तो आला, आणि माझ्या पलीकडच्या टोकाला अंग चोरून बसला. मी त्याचा हात धरला, सगळ्यांदेखत, आणि आमचा पुकारा होईपर्यंत सोडला नाही.