पन्नास हाका

"तीन हाकांना ओ आली नाही, की समोरचा गेला समजायचं. मग सगळं थांबवायचं. शिरलं का डोक्यात, साहेब?"

दाजींचा हा आवाज अजून कानात आहे. ताईचे यजमान. काम त्यांनीच शिकवलं, आणि चिडवायला मला 'साहेब' म्हणायचे.

तुम्हाला पटो न पटो, पुढचं सगळं माझ्या अंगावरून गेलंय.

आमचा खडीचा क्रशर. एक राउटर ऑफिसात, दुसरा क्रशरपाशी. दोन्ही ओपन सोर्स सिस्टीमवरचे, म्हणजे आतली सेटिंग कोणालाही बदलता येणारे. दर सेकंदाला एकमेकांना हाक घालायचे. तीन हाका चुकल्या, की लिंक तुटली असं धरून क्रशर आपोआप बंद.

पण धुळीपायी हाका सारख्या चुकायच्या. दिवसातून दहादा क्रशर ठप्प, आणि मालक माझ्यावर डाफरायचे.

एका सकाळी मी तीनाचे पन्नास केले. सिस्टीम खुली, विचारायचं कोणाला?

दाजींना सांगायचं राहिलं.

त्याच दुपारी, दोन वीसला, क्रशरच्या फिरत्या पट्ट्याने त्यांची बाही धरली. मग हात. बंद करायचं लाल बटण लांब होतं. मोकळ्या हाताने त्यांनी राउटरची वायर उपटली. तीन सेकंदांत थांबेल, हा भरवसा.

क्रशर पन्नास सेकंद चालला.

कोपरापर्यंत... खांद्यापर्यंत... मग छाती.

ताईला मी एवढंच म्हणालो, "बेसावध होते गं."

त्यानंतर क्रशर बंदच ठेवला. फ्यूज काढले. तिथला राउटर चेंदामेंदा होऊन भंगारात गेला.

तीन महिन्यांनी, भर दुपारी, ऑफिसच्या स्क्रीनवर अक्षरं उमटली...

लिंक चालू.

हाकेला ओ येत होती. कुठून?

मी धावत खाली गेलो. वारा नव्हता. पाखरू नव्हतं. उपटलेली वायर लोंबत होती...

आणि झुलत होती.

ती धरायला मी हात पुढे केला.

पट्टा सरकला.

बाही गेली. बोटं गेली. हाडं काडकाड मोडताना ऐकली मी, स्वतःची. रक्त तोंडावर उडालं. ओरडलो, लाथा झाडल्या. वायर तर आधीच उपटलेली, आता काय उपटू?

मोजत राहिलो. बारा... तीस... एकोणपन्नास...

पन्नासाला पट्टा थांबला.

शुद्धीवर आलो तेव्हा हात मनगटाखाली नव्हता. उशाशी ताई.

"फ्यूज काढलेले होते ना रे? मग चालला कसा?"

"माहीत नाही, ताई."

"तेही वेंधळे, तूही वेंधळा! दोघांनी मिळून मला छळायचं ठरवलंय." ती रडत रडत माझं पांघरूण सारखं करत होती.

उशाजवळ माझा मोबाइल थरथरला...

लिंक चालू.

"कोणाचा रे?"

मी तिच्याकडे पाहिलं.

"ताई, ते वेंधळे नव्हते. वायर त्यांनी वेळेवर उपटली होती. क्रशर चालू ठेवला, तो मी."