गुडघेदुखीचं पत्र

‘आपले बुकिंग रद्द झाले आहे. परतावा मिळणार नाही.’

बसच्या पायरीवरच तिकीट तपासनीस बाईंनी मोबाइलवरचा निरोप वाचला आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सोमवारी आई-बाबांना आठवड्यासाठी तलावाकाठच्या घरात न्यायचं होतं. बाबांनी त्यासाठी नवे बूटसुद्धा घेतले होते.

ड्यूटी संपताच त्या बुकिंग कार्यालयात धडकल्या. कारकुनानं थंडपणे सांगितलं, रद्द करा म्हणून आलेलं पत्र तुमचंच आहे, आणि शेवटच्या आठवड्यात रद्द केलं की पैसे बुडतात. त्यानं कागद पुढे सरकवला. पावतीचा नंबर बरोबर, खाली त्यांचंच नाव. कारण: आईचे गुडघे फार दुखतात, प्रवास झेपणार नाही.

वीस वर्षं खोटे पास पकडणाऱ्या बाईंनी कागद दोनदा वाचला. हे माझं नव्हे, म्हणाल्या. मग ज्यानं लिहिलं त्याच्याकडून तसं लेखी आणा, पूर्ण पैसे देतो, असं कारकून म्हणाला.

घरी आई स्टुलावर चढून माळ्यावरची बॅग काढत होती.

“आई, तुझे गुडघे दुखतात?”

“छे.”

“दुखतात असं कुणाला सांगितलंस?”

आई ओशाळली. “दादाला. रोज म्हणतो, मुलं सांभाळायला ये. चार मजले, लिफ्ट बंद. काहीतरी निमित्त नको?”

“आणखी कुणाला?”

“त्या एकट्यालाच.”

“आणि पावती कुणी पाहिली?”

“त्यानंच. फोटो काढून नेला. पत्ता जवळ असू दे, म्हणाला.”

बाईंनी वहिनीला फोन लावला. ती बिचारी सरळ बोलून गेली: सोमवारी आम्ही दोघं बाहेरगावी चाललोय, मुलं तुमच्याकडे, आजीजवळ.

संध्याकाळी दादा आला. आधी त्यानं कानांवर हात ठेवले.

“नंबर तुझ्याकडे होता,” बाई म्हणाल्या. “पण तू फसलास ते कारण लिहून. आईचं हे दुखणं खोटं आहे, आणि ते तिनं तुलाच सांगितलं होतं. तुझी सहल व्हावी म्हणून तू यांची मोडलीस, तीही माझ्या नावानं. लिही आता.”

दादानं मान खाली घालून लिहून दिलं.

बाबांनी तो कागद वाचून बाईंच्या हाती दिला. “विचारलं असतंस,” ते म्हणाले, “तर आम्ही तारीख बदलली असती.” मग त्यांनी उठून दार उघडलं आणि दादा बाहेर पडेपर्यंत ते धरून उभे राहिले.