पाखरं टेकत नाईत ती जागा

ऐकाचं असन तं गुपचाप बसा, पोट्टेहो. मधात कोनी हासलं तं मी उठून घरी जाईन, सांगून ठेवतो. हे मले इंद्रभान भोयानं सांगतलं होतं, अन् तो काई उगाच बोलनारा मानूस नव्हता.

पंच्याहत्तर सालची गोष्ट. शेलूबाजारात शांतीलालचं कापडाचं दुकान होतं. धंद्यात पक्का, पन पाखरायचा भलता नाद! मार्गशीर्ष अवसेच्या आदल्या दिवशी मेडशीले कापड पोचवून तो वापस येऊन राह्यला होता. वाटेत तलाव लागला. मंग याचा पाय कायचा निंघते? बसला इंद्रभानच्या डोंग्यात अन् गेला पाखरं पाह्यले.

पानी बदकायनं काळं झालं होतं. फकस्त मधात खाटेएवढी जागा मोकळी. तथी एक पाखरू टेकत नव्हतं.

"बुडालेल्या गावाची इहीर हाय तथी, शेठ," इंद्रभान म्हने. "आमी तिकडं डोंगा नेत नाई."

"काहून रे, इहीर का खाते?" शांतीलाल हासला अन् डोंगा तथीच नेवाले लावला.

दिवस बुडत आला होता. दिवस बुडाल्यावर जैनाले पानी चालत नाई, म्हनून त्यानं तथलंच पानी घाईनं फडक्यातून गाळलं अन् पेला. आता गाळलं की फडक्यात बारके जीव राह्यतात. ते ज्या पान्याचे त्याच पान्यात सोडा लागतात, हा त्याईचा नेम. पन तेवढ्यात करकोचे उडाले. हा मान वर करून पाहत राह्यला, अन् फडकं झटकलं ते काठावर येऊन, कोरड्या मातीत.

घरी आला तं त्याची पोट्टी कंचन, सहा वर्साची, पानी पेऊन राह्यली होती. थांबेच ना. पान्याचा गुंड सरला, हंडा सरला. "बाबा, तहान..." सकाळी पोट टम्म अन् ओठ कोरडे. डाक्टरनं हात टेकले. शांतीलाल येड्यावानी घरात फिरत होता. सांजच्याले त्याची नजर दांडीवर गेली. दिवसभर उन्हात होतं ते फडकं.

टपकत होतं.

अवसेच्या रातीच त्यानं इंद्रभानले उठवलं. "चुकलो रे मी. वापस देऊन येतो."

डोंगा निंघाला. सारी पाखरं जागी होती. अन् चूप.

मधात आले. शांतीलालनं फडकं पान्यात सोडलं. ते खाली गेलं...

वर आलं. त्याच्याच हाताशी.

पुन्ना सोडलं. पुन्ना आलं.

"शेठ, चाला घरी."

शांतीलाल हळूच म्हने, "जीव मारले मी, इंद्रभान. फडक्यावर कसं भागन?"

"शेठ...?"

डोंगा हलका झाला. आवाजबी नाई आला.

त्याच रातीले कंचन मायले म्हने, "आता नको पानी." अन् झोपली. दोन दिवस भोयायनं तळ ढवळला, शांतीलाल काई सापडला नाई.

तिसऱ्या दिवशी सकाळी इंद्रभान काठावर बसून होता. बदकं उतरली, पानी काळं झालं. मधात रोजची जागा मोकळी होती.

अन् तिच्या बाजूले अजून एक. मानूसभर.