फ्रीजमधली ऊब

वन्सं म्हणजे लॅबमधल्या मुख्य बाई. भावजय एकदा त्यांची विसरलेली छत्री द्यायला आली, 'वन्सं' म्हणून हाक मारून गेली, आणि तेव्हापासून सगळ्या लॅबनं तेच नाव उचललं. बाईंचा हात चटपटीत, तोंड त्याहून. नळी उजेडाला धरायची, रक्तात गुठळी दिसली की "बाद! नवीन पाठवा," म्हणून मोकळ्या.

त्याच भावजयीचं रक्त आता रोज कमी होत होतं. डोळे पिवळे, ओठ पांढरेफटक. तांबड्या पेशी आतल्या आत फुटत होत्या, पण कशामुळे ते कळेना, आणि कळल्याशिवाय इलाज सुचेना. वन्संचा जीव टांगणीला लागला होता. चाचणी करावी तर नळीत गुठळ्याच गुठळ्या. दोनदा बाद केलं. आज तिसऱ्यांदाही तेच.

"ताई, अजून किती रक्त काढणार तिचं? आहे कुठं आता?" फोनवर भाऊ रडकुंडीला आला होता.

तपासलेल्या आणि बाद झालेल्या नळ्या एकाच फ्रीजमध्ये राहायच्या. भावजयीची नळी पुन्हा बघावी म्हणून वन्संनी दार उघडलं. शेजारच्या सगळ्या नळ्या बर्फासारख्या गार. तिची मात्र गरम.

ताप भरलेल्या पोराच्या कपाळासारखी गरम. वन्संनी ती परत ठेवली, दार लावलं, चहा संपवला, पुन्हा उघडलं. गरमच. आणि आत एकही गुठळी नाही.

"ही कुणी गरम केली गं?"

लॅबमधल्या एकाही मुलीनं तिला हात लावला नव्हता.

नळी टेबलावर ठेवली. निवली.

गुठळ्या धरल्या.

मुठीत घट्ट धरली. विरघळल्या.

"अगं बाई! या गुठळ्या नव्हेतच!" वन्सं ओरडल्याच. गारव्यानं पेशी एकमेकींना चिकटत होत्या, आणि अंगातही तेच होऊन फुटत होत्या! सगळ्या चाचण्या ऊब देऊन नव्यानं केल्या. दुखणं सापडलं. डॉक्टरांनी खोली उबदार केली, रक्त कोमट करून चढवलं, औषध लागू पडलं. भावजय मरणाच्या दारातून परत आली. वन्संनी अख्ख्या लॅबचं तोंड गोड केलं, आणि आनंदानं ढसाढसा रडल्या.

घरी आल्यावर भावजयीनं त्यांचा हात धरला. "वन्सं, तुम्ही दार उघडलंत म्हणून वाचले हो. काय गारठा होता आत!"

वन्सं हसल्या. मग थांबल्या. फ्रीजचं तिला कुणीच सांगितलं नव्हतं.

"मी सुटले," भावजय हळूच म्हणाली, "पण माझ्या शेजारची माणसं अजून दार वाजवतायत."

शेजारच्या त्या सगळ्या नळ्यांचे रिपोर्ट वन्संनी स्वतः सही करून धाडले होते. सगळे नॉर्मल.