बस म्हणेपर्यंत

हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पोरांनो. ज्यांच्यावर गुदरलं त्या मास्तरांनीच सांगितलं, आणि मास्तर थापाडे नव्हते. निदान मला तरी तसं वाटतं.

मार्चमधला दुसरा गुरुवार. जेवण आटोपून मास्तर गॅरेजमध्ये गेले. त्यांची जुनी गाडी सकाळी नवा मालक नेणार होता, आणि चढावर तिचं इंजिन टकटक करायचं. ठिणगी वेळेआधी पडत होती.

"बाबा, जाणारच आहे ना ती? झोपा आता," मुलगी फोनवर म्हणाली.

"म्हणून काय आजारी पाठवू?"

शटर उघडं ठेवून ताडमाड मास्तर आत बसले, इंजिन चालू केलं, उतरले. बॉनेट वर केलं. बल्ब बंद केला, कारण टायमिंगचा दिवा काळोखातच कामाचा. त्याच्या लुकलुकत्या उजेडात गरगर फिरणारी पुलीही थबकल्यासारखी दिसते, आणि तिच्यावरची खडूची रेघ खुणेवर आहे का ते कळतं.

एका हातात दिवा, दुसऱ्यात ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्युटर. ॲक्सिलरेटर दाबायला आणखी एक माणूस लागतं. ते काम मास्तरीणबाईंचं. "थांबा, आधी सीट पुढे घेऊ दे. तुमच्यासारख्या शिड्या नाहीत माझ्या पायांना!" असं म्हणून त्या बसायच्या, आणि मास्तर "बस" म्हणेपर्यंत पाय उचलायच्या नाहीत.

त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती.

मास्तरांनी डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवला. रेघ खुणेवर आली. आणि सवयीनं तोंडातून गेलं,

"दाब."

इंजिनचा आवाज चढला.

मास्तर वाकलेलेच राहिले. उघड्या बॉनेटमुळे आतलं दिसत नव्हतं. रेघ सरकली. हवी तिथे थांबली.

"थोडं अजून..."

आवाज आणखी चढला.

काम झालं होतं. त्यांनी नट आवळला. आता फक्त एक शब्द म्हणायचा होता.

ते गप्प राहिले.

तापल्या रबराचा वास आला. मग वाफ...

"पाय दुखला का गं?"

...

इंजिन थरथरू लागलं. आणखी थोडा वेळ, की ते जळणार.

"...बस."

आवाज उतरला. दार वाजलं नाही.

मास्तरांनी खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली. डोळे मिटून. आत कोणी नसलेलं त्यांना बघायचं नव्हतं.

सकाळी नवा मालक आला. दार उघडून बसायला गेला, आणि अडकला.

"काका, काल कोण बसलं होतं इथे? गुडघे स्टिअरिंगला लागतायत."

सीट पार पुढे ओढलेली होती.