मला नको, बाळाला लाव

ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खुशाल हसावं. पण ज्या बाईवर हे बेतलं, ती माझी सख्खी थोरली बहीण आहे. थापा मारणं तिला जमतच नाही. पोटात दुखतंय असं खोटं सांगून तिनं कधी शाळासुद्धा बुडवली नाही.

आणि रात्रबित्र काही नव्हती. भर दुपार. तिसऱ्या मजल्यावरचं ऑपरेशन थिएटर, दिवे लखलखीत.

ताई त्याच थिएटरमध्ये नर्स. किती सिझरं तिच्या डोळ्यांदेखत झाली असतील, देव जाणे. त्या दिवशी मात्र टेबलावर तीच आडवी होती.

कमरेत इंजेक्शन देऊन भूल दिलेली. पाय बधिर. छातीपाशी हिरवा पडदा. डोकं मात्र टक्क जागं.

त्या थिएटरची एक गंमत सांगायला हवी. पूर्वी तिथे सिझरच्या प्रत्येक बाईला ऑक्सिजन लावायचे. बाई जागी, श्वास तिचा तिचा चालू, तरी तोंडावर मास्क. मास्क पुढे आला की कितीतरी जणी घाबरून म्हणायच्या, "मला नको, बाळाला लावा!"

नर्सेसमध्ये त्याचा विनोदच होऊन बसला. कुणी चहा पुढे केला तरी ताई हात हलवायची. "मला नको, बाळाला लावा."

पुढे भूल देणाऱ्या मॅडमनी ती पद्धत बंद केली. बोटाला लावलेला चिमटा रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा चांगला दाखवतोय ना? मग मास्क नाही.

"काय सिस्टर, आज अगदी आरामात पडलात!" मॅडम म्हणाल्या.

"मग काय करू? इथे सरळ मागून रजा मिळते का कधी?"

सगळे हसले. पडद्यापलीकडे काम सुरू झालं.

आणि ताईच्या डोक्यामागे आवाज आला...

फुस्स्...

ऑक्सिजन सोडल्यावर येतो, तसा.

ताईनं नजर वर केली. मॉनिटरवर आकडा अठ्ठ्याण्णव, म्हणजे उत्तम. मग ऑक्सिजन सोडला कुणी?

तिच्या गालाला काहीतरी टेकलं...

गार. मऊ. आणि जुन्या रबराचा वास.

तिथले सगळे मास्क प्लास्टिकचे. रबराचा मास्क ताईनं तिथे कधी पाहिलाच नव्हता.

पण त्या क्षणी तिच्या मनात एवढंच आलं, की नवी सिस्टर आहे, शिकली नाही अजून. ती सवयीनं हसली आणि सवयीनंच बोलून गेली.

"मला नको गं. बाळाला लाव."

गार स्पर्श उचलला गेला. लगेच. सांगितलेलं ऐकावं तसा.

आवाज मात्र थांबला नाही.

तो डोक्यामागून सरकला... कानाजवळून गेला... आणि पडद्याच्या पलीकडे उतरला.

"तिकडे कोण गेलं?" ताईनं विचारलं.

"कुठे?" मॅडमनी तिचा उजवा हात धरलेलाच होता. "कुणीच नाही. शांत राहा बघू."

"नवी सिस्टर कुठाय?"

"मी इथे आहे की, ताई!" आवाज आला तो पार खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून. बाळाच्या टेबलाजवळून.



तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "मुलगा!"

आणि मग... काहीच नाही.

रडणं नाही. थिएटरमधल्या त्या शांततेचा अर्थ ताईला माहीत होता. ती ओरडली, "रडत का नाही तो?"

"अहो, छान आहे!" बाळाचे डॉक्टर म्हणाले. पण त्यांचाही आवाज जरा चाचरला. "श्वास एकदम मस्त चाललाय. म्हणजे... जणू आधीपासूनच चालू होता."

बाळ जवळ आणलं. गुलाबी, शांत. नाकातोंडाभोवती एक गोल लालसर वळ. मास्क घट्ट दाबून धरला की उठतो ना, तसा.

"याला मास्क लावला होता?"

"छे! गरजच पडली नाही."

पुढे ताईनं एकेकीला गाठून विचारलं. मॅडमना, नव्या सिस्टरला, लादी पुसणाऱ्या मावशींनासुद्धा. सगळ्यांचं उत्तर एकच. तुझ्या डोक्यामागे कुणी नव्हतं. भावोजी तर म्हणाले, "बाई घरी आली, पण कान थिएटरमध्येच विसरली."

ताई हसली नाही.

मागच्या आठवड्यात मी माझ्या लेकीला घेऊन तिच्याकडे गेले. जेवणं उरकल्यावर दोन्ही पोरं शेजारी शेजारी झोपवली. माझी लेक झोपेतही लाथा झाडते. ताईचा गुंड्या मात्र उताणा, निश्चल.

"कसला गुणी गं!" मी म्हटलं. "कधी साधी सर्दी नाही, खोकला नाही."

"त्याचीच भीती वाटते," ताई म्हणाली. "इकडे ये. वाकून बघ."

मी वाकले.

गुंड्यानं श्वास सोडला... आणि त्याच्या नाकापुढे, हवेतच, वाफ धरली. गोल, घुमटासारखी. काचेवर धरते तशी. पण तिथे काच नव्हती. तिथे काहीच नव्हतं.

वाफ विरली. पुन्हा धरली.

नकळत माझा हात पुढे गेला. ताईनं मनगट करकचून धरलं.

"हात लावू नकोस!"

"अगं, मग जे कोण आहे त्याला सांग ना, मास्क काढ म्हणून! तुझं ऐकलं होतं ना त्यानं?"

"सांगेन. आणि गुंड्याला त्या मास्कशिवाय श्वास घेताच येत नसेल तर?"

मी हात मागे ओढला.

"आणि येत असेल..." तिचा आवाज खाली गेला, "तर मग ते अजून इथे काय करतंय?"

ताईनं तोंड उघडलं. मला वाटलं, आता म्हणेल. एक शब्द तर होता.

गुंड्यानं श्वास सोडला. वाफ धरली, विरली.

पुढचा श्वास आला नाही...

आम्ही दोघी बघत राहिलो. त्याची छाती हलेना. माझी लेकही लाथा झाडायची थांबली होती.

आणि त्याच्या उशाशी आवाज आला...

फुस्स्...

मगच गुंड्यानं श्वास घेतला.

ताईनं तोंड मिटून घेतलं. अजून ती काही बोललेली नाही.